चेल्सी की आर्सेनल: पैसा कुठे मुरला?

रविवारी कॉलेज रोडला मिसळीवर आमच्यात हाच वाद. लंडनच्या या दोन फुटबॉल क्लबांपैकी चेल्सी मे 2022 मध्ये नव्या मालकांकडे गेली आणि पाण्यासारखा पैसा वाहिला. एकट्या एन्झो फर्नांडेझ या खेळाडूचे सुमारे 107 दशलक्ष पाउंड. पण सप्टेंबरात प्रशिक्षक टुखेल घरी, एप्रिलमध्ये त्याच्या जागी आलेला पॉटरही. प्रीमियर लीगमध्ये संघ बारावा!

आर्सेनलचे मालक क्रोंके यांनीही हात आखडला नाही, 2023 मध्ये डेक्लन राइस या खेळाडूसाठी शंभर दशलक्षांवर मोजले. पण त्याआधी त्यांचा प्रशिक्षक अर्टेटा लागोपाठ दोनदा लीगमध्ये आठवा आला, तरी त्याला हलवलं नव्हतं. दिंडोरीचा बागाईतदार पहिल्याच वर्षी घड मोजतो का? पुढे सलग तीनदा दुसरा क्रमांक. चेल्सीवाला मित्र मात्र चेल्सीने जिंकलेला 2025 चा क्लब वर्ल्ड कप पुढे करतो, आणि तिथे माझी तर्री थंड होते.