४९ सीसीच्या भावात ११० सीसी मिळाली म्हणून मी खूश झालो होतो

ज्यांच्या घरात पाच-सात वर्षांचं पोरगं आहे आणि ते नागाव नाहीतर काशीदच्या बीचवर एकदा एटीव्हीवर (ती चार जाड चाकांची, मोटरसायकलसारख्या हँडलची गाडी) बसून आलंय, त्यांच्यासाठी लिहितोय. बाकीच्यांनी सोडून दिलं तरी चालेल. थोडं लांब होईल पण पैसे माझे गेलेत, त्यामुळे तेवढं चालवून घ्या.

मागच्या मे महिन्यात नागावला गेलो होतो. तिथल्या चालवणाऱ्या पोराच्या पुढ्यात बसून आमच्या चिरंजीवांनी एक राऊंड मारला आणि तिथून पुढे सहा महिने घरात दुसरा विषय नाही. आम्ही राहायला पुण्यात, पण कराडजवळ गावी शेत आहे, आईवडील तिकडेच असतात. म्हटलं रस्त्यावर थोडीच चालवायचीय, दिवाळीला गावी गेल्यावर शेतातच फिरवेल. बोनस पण झालेला. पोराचं वय सहा, वजन १९ किलो. हे १९ किलो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मोबाईलवर एक रील दिसली. लहान मुलगी गुलाबी रंगाची छोटी एटीव्ही चालवतीय, मागून बाप हातात दोरी धरून चालतोय, खाली लिहिलंय वय ४ ते ८, ४९ सीसी, स्पीड लॉक, रिमोटने बंद होते, किंमत ५५,०००. नंबर होता, फोन केला. समोरचा माणूस इतका गोड बोलायचा की काय सांगू, सर सर करून. माल भिवंडीच्या गोडाऊनला आहे म्हणाला. मी म्हणालो रविवारी येऊन बघतो, तर म्हणाला "सर तिथे फक्त होलसेल, रिटेलवाल्याला आत सोडत नाहीत, मी तुम्हाला व्हिडिओ पाठवतो ना." आणि मी ऐकलं! सहा वर्षांच्या पोराला बसवायची गाडी मी व्हिडिओ बघून घेतली. साधा मिक्सर घेताना बायको दुकानात तीनदा चालू करून बघते.

१०,००० ॲडव्हान्स पाठवला. चार दिवसांनी फोन, "सर ४९ सीसीचा लॉट संपला, पण तुमचं नशीब बघा, त्याच भावात ११० सीसी देतो, मार्केटला लाखाच्या पुढे आहे, सेल्फ स्टार्ट, रिव्हर्स गिअर सगळं, पोरगं दहा वर्षांचं होईपर्यंत दुसरी घ्यायला नको." खरं सांगतो, त्या क्षणी मला पोरगं दिसलंच नाही, मला फक्त ११० दिसले. आपल्याकडे गाडी म्हटली की जास्त सीसी म्हणजे जास्त फायदा हेच डोक्यात बसलेलं असतं. बूट दोन नंबर मोठे घेतो ना वाढत्या अंगाचे म्हणून, तसंच वाटलं मला. मित्राला फोन करून सांगितलं पण वर, की बघ कसं डील मारलं.

मग म्हणाला आरटीओ पासिंगचे ६,५०० वेगळे, म्हणजे नंबर मिळेल, गावात रस्त्यावर पण नेता येईल. तेही दिले. नंतर आमच्या ओळखीच्या एका आरटीओ एजंटला विचारलं तर तो हसायलाच लागला. ज्या गाडीने टाईप अप्रूव्हल घेतलेलं नाही (आपल्या पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्था जे टेस्टिंग करतात ते) ती गाडी रजिस्टरच होत नाही, आणि अशा बाहेरून आणलेल्या छोट्या एटीव्हींचं ते नसतं, त्या फक्त खाजगी जागेत चालवायच्या. आणि नंबर मिळाला असता तरी सहा वर्षांचं पोरगं रस्त्यावर चालवणार होतं का? २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १९९ए आलंय, अल्पवयीन पोराने रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे मी जेलची फी आगाऊ भरत होतो असं म्हणा.

टेम्पो गावी आला धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी. ड्रायव्हर म्हणाला आधी ४५,००० ट्रान्सफर करा, कन्फर्मेशन आलं की मगच दोर सोडतो. पोरगं टेम्पोभोवती नाचत होतं, गल्लीतली सगळी पोरं जमलेली, अशा वेळी कोण बाप म्हणतो की थांबा, आधी गाडी तपासू. त्यांनी पण ती वेळ बरोबर साधलेली असते असं मला आता वाटतं. चार जणांनी मिळून उतरवली. आण्णा, म्हणजे माझे वडील, लांबूनच म्हणाले, "हे पोराचं हाय का आपलं?" मी म्हटलं ॲडजस्ट होतंय आण्णा, स्पीड लॉक आहे.

पाडव्याला सकाळी पोराला बसवलं. बायकोने पुण्यातून आयएसआय मार्कचं लहान मुलांचं हेल्मेट आणलेलं, ते घातलं. गाडीबरोबर फ्री आलेलं हेल्मेट म्हणजे नुसतं प्लास्टिकचं टोपलं, आत थर्माकोलपण नव्हता. एटीव्हीला ॲक्सिलरेटर मूठ पिळायचा नसतो, अंगठ्याने दाबायचा असतो. त्याने दाबला आणि गाडी उडालीच. आणि एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती, पोरगं घाबरलं की सोडत नाही, आणखी घट्ट धरतं. म्हणजे अंगठा आणखी दाबला जातो. मी रिमोटचं बटण दाबतोय, रिमोटवर लाल लाईट लागतीय, गाडी काय थांबेना. बांधावरून उडून सरळ उसाच्या सरीत घुसली आणि आडवी झाली. माती ओली होती, आदल्या दिवशी पाणी दिलेलं, म्हणून वाचलं. पोटरीला सायलेन्सर चिकटून भाजलं तेवढंच. हेल्मेटवर मात्र केवढा मोठा ओरखडा आहे तो मी बायकोला दोन दिवस दाखवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गावातल्या मिस्त्रीला बोलावलं, त्याने तासाभरात सगळं उघडं केलं. रिमोटचा रिसीव्हर सीटखाली असतो, तिथे नुसता वायरचा तुकडा टेप गुंडाळून ठेवलेला, म्हणजे रिमोट म्हणजे दहा रुपयाची किचेन. स्पीड लॉक म्हणजे अंगठ्याच्या ॲक्सिलरेटरच्या डबीला एक स्क्रू असतो, तो आत पिळला की ॲक्सिलरेटर अर्ध्यावरच अडतो, एवढं साधं असतं ते. माझ्या गाडीत स्क्रूच नव्हता, भोकात रबराचं बूच. पुढच्या ब्रेकची केबल मुठीपासून निघून मध्येच बांधून ठेवलेली, चाकापर्यंत पोचलेलीच नाही. आणि गाडी नवी नव्हतीच, टाकीवरचा स्टिकर सोलला तर खाली जुना लाल रंग आणि कुठल्यातरी रिसॉर्टचा १४ नंबर! म्हणजे कुठल्यातरी पर्यटकांच्या राईडला घासलेली गाडी रंगवून माझ्या गळ्यात मारली. एका टायरवर चार आकडी तारीख होती, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे, त्यात वर्ष १५ होतं. टायरवर ५ पीएसआय लिहिलंय, आणि मी आदल्या दिवशी पंक्चरवाल्याकडून स्कूटरसारखी २५ भरून आणलेली, तो गाढवपणा मात्र माझा एकट्याचा.

आणि हे सगळं नीट असतं तरीसुद्धा गाडी चुकीचीच होती, हे मला नंतर वाचून कळलं. या छोट्या एटीव्हीला मागे सरळ दांडा असतो, डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतो, त्यामुळे नुसतं हँडल फिरवून ती वळत नाही, चालवणाऱ्याने अंग आत झुकवावं लागतं. ८०-९० किलोच्या गाडीवर १९ किलोचं पोरगं काय झुकवणार कपाळ. अमेरिकेत वयाप्रमाणे गट केलेत, सहा वर्षांच्या पुढच्या सगळ्यात लहान गटाची गाडी लॉक लावून ताशी १६ किमी आणि लॉक काढला तरी २४ किमीच्या वर जाता कामा नये असा नियम आहे. आणि तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर म्हणते १६ वर्षांच्या आत एटीव्ही चालवायला देऊच नका. आपल्याकडे विकणारा वय ४ ते ८ असा स्टिकर छापून आणतो, झालं. सीई (युरोपातल्या नियमांत बसते असं सांगणारा छाप) लिहिलेलं असतं त्यावर पण जाऊ नका, तो छाप बऱ्याचदा बनवणारा स्वतःच मारतो, आणि माझ्या गाडीवर तर तोही स्टिकरच होता.

तरी कुणाला घ्यायचीच असेल तर पोराला बरोबर घेऊन जा आणि त्याला गाडीवर बसवून फूटरेस्टवर उभं करा. ढुंगण आणि सीटमध्ये तीन-चार इंच तरी अंतर पडलं पाहिजे. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवायला लावा, हात कोपरात वाकलेलेच राहिले पाहिजेत, ताणायला लागले की गाडी मोठी. ब्रेकच्या लिव्हरवर बोटं नीट पोचतायत का बघा. पाय खाली घसरून मागच्या चाकात जाऊ नये म्हणून फूटरेस्टला जाळी किंवा पत्रा पाहिजे. मग मागची दोरी (ओढली की इंजिन बंद करणारी) ओढून, रिमोट दाबून, इंजिन चालू असताना प्रत्येक गोष्टीने गाडी तुमच्या डोळ्यांसमोर बंद करून दाखवायला सांगा. जो माणूस हे करायला कां कूं करतो त्याच्याकडून घेऊ नका. ४९ सीसी ओळखायची तर ती बहुतेक टू स्ट्रोक असते, स्टार्टरची दोरी ओढून चालू होते आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं.

आता पैशाचं. मी फोन केला तर आधी म्हणाला सर ट्रान्सपोर्टमध्ये झालं असेल, गाडी परत घेतो, पिकअपचे ३,२०० पाठवा. आणि मी पुन्हा पाठवले!! (हो, माहितीय, बायकोचं बोलून झालंय.) मग रिफंडसाठी म्हणून क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करून पिन टाका म्हणाला, तेव्हा बायकोने मोबाईल हातातून ओढून घेतला. पैसे येताना पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे आपले पैसे गेले. त्यानंतर नंबर बंद. एकूण ६४,७०० रुपये.

१९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन केला, पण मला जाग यायला आठ-नऊ दिवस लागलेले, तोवर खात्यात काय उरतंय. पैसे गेल्या गेल्या काही तासांत केला तर पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. चौकीत म्हणाले वस्तू तर मिळालीय ना, मग ग्राहक मंचात जा. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय, ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. अडचण ही की समोरच्याचा पत्ताच नाही. बिलावर जीएसटी नंबर होता म्हणून मी निश्चिंत होतो, तो पोर्टलवर टाकून बघितला तर दिल्लीतल्या एका कापडवाल्याचा निघाला, त्याला बिचाऱ्याला पत्तापण नसेल. महाराष्ट्रातला नंबर २७ ने सुरू होतो, माझ्या बिलावर ०७ होतं. भिवंडीचा माणूस आणि ०७, नुसते पहिले दोन आकडे बघितले असते तरी पुरलं असतं.

गाडी गोठ्यात उभी आहे, पुरावा म्हणून विकता पण येत नाही आणि मोडीत पण घालता येत नाही. मिस्त्रीने बॅटरी आणि कार्बोरेटर काढून आण्णांच्या कपाटात ठेवलंय. सीटवर कोंबडी बसते. पोरगं सुट्टीत गेलं की कोंबडीला हाकलून गाडीवर बसतं आणि तोंडाने आवाज काढतं, अंगठा अजून दाबलेलाच असतो. परवा इस्लामपूरचा मावसभाऊ आला, तिच्याभोवती दोन चकरा मारून म्हणाला, आमच्या बारक्यासाठी देतोस का, किती सीसी आहे?