पहिल्या सर्व्हिसिंगचं ऑइल बिलात नको, डिपस्टिकवर बघा

दसऱ्याला १२५ सीसीची गाडी घेतली. इंजिन सेट होईपर्यंत ताणायची नाही, तासन्‌तास एकाच वेगात ठेवायची नाही, मागं ओझं लादायचं नाही, सगळं पाळलं. पहिली लांबची फेरी अर्थातच तुळजापूर. कोजागरीला चालत निघालेल्यांनी रस्ता असा भरलेला की पन्नाशीच्या वर काटा नेणार कोण!

पहिलं फ्री सर्व्हिसिंग सोलापुरातल्याच एका अधिकृत सेंटरवर केलं. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. काउंटरवरचा पोरगा भारी गोड, "काका, आत कपडे खराब होतील, एसीत बसा की!" फ्री म्हणजे मजुरी फ्री, ऑइलचे पैसे पडतातच. बिलात ऑइल होतं, इंजिनाखालच्या ड्रेन बोल्टचं (जो खोलून जुनं ऑइल काढतात) वॉशर होतं, आणि न विचारता केलेलं टेफ्लॉन कोटिंग. कोऱ्या गाडीच्या रंगाला कसलं आलंय कोटिंग?

घरी येऊन गाडी डबल स्टँडला लावली, डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं ऑइल बघायची काडी, पुसून बुडवली. काळंकुट्ट! ताजं ऑइल मधाच्या रंगाचं असतं, सेंटरवरून घरी येईपर्यंत त्याची अशी दशा होत नाही. मोबाईलचा उजेड पाडून खाली पाहिलं तर ड्रेन बोल्टवर होटगी रोडची वाळलेली माती जशीच्या तशी, पान्हा लागल्याचा ओरखडाही नाही. फोटो काढले आणि तसाच परत गेलो.

मॅनेजर म्हणाला, "आम्ही वरून पंपानं ओढून काढतो." मग वॉशर कुठं बसवलं? त्यावर गप्प. शेवटी माझ्यासमोर बोल्ट खोलला. ट्रेमधलं ऑइल उन्हात नेलं तर त्यात बारीक चंदेरी चकाकी तरंगत होती. नव्या इंजिनात पिस्टन रिंगा, सिलिंडर, गिअर एकमेकांवर घासून बसतात आणि तो धातूचा कीस पहिल्या ऑइलात उतरतो. म्हणून तर ते साधारण ५०० ते १००० किलोमीटरच्या आत बदलायला सांगतात. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत असतो. पुढच्या एखाद्या सर्व्हिसिंगला ढापलं असतं तर एक वेळ समजू शकलो असतो, इथं नाही.

गाडी टाकतानाच जॉब कार्डवर 'विचारल्याशिवाय जादा काम नाही' असं लिहून घ्या. ऑइलचा डबा समोर फोडायला लावा, ग्रेड पुस्तिकेशी ताडा. डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए२ (दुचाकीच्या ऑइलचा जपानी दर्जा) लिहिलंय का पाहा, कारण बहुतेक गिअरच्या गाड्यांत क्लच ऑइलातच बुडालेला असतो आणि चारचाकीचं ऑइल पडलं तर तो घसरू शकतो. आत सोडत नसतील तर काढलेलं ऑइल दाखवा म्हणायचं. बिलं फेकू नका, वॉरंटीच्या वेळी हीच मागतात.

ऑइल त्यांनी त्याच दिवशी मुकाट्यानं बदललं. टेफ्लॉनच्या पैशांना मात्र "साहेब आल्यावर बघू" चालू होतं. कंपनीला फोटोंसकट मेल केला, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर साहेबांचा स्वतःहून फोन आला. पैसे अजून यायचेत.