डीप की नायट्रॉक्स? नागपूरहून समुद्र गाठणाऱ्यांसाठी

स्कूबा डायव्हिंगचा अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स झाला, आता पुढच्या सुट्टीत डीप स्पेशालिटी (खोल डाइव्हचा कोर्स) करू की नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनच्या हवेवर डाइव्ह करायचा कोर्स), असं हल्ली ओळखीतले दोघं-तिघं विचारतात. आपल्याला डाइव्ह करायची म्हणजे आधी दोन विमानं, मग फेरी. पैसा विचार करूनच टाकावा लागतो. मी दोन्ही करून बसलोय.

डीपमध्ये 40 मीटरपर्यंतची मुभा मिळते. खालचा तो गर्द निळा रंग वर दिसत नाही, हे खरं. पण 30 मीटरच्या आसपास दाब चौपट होतो आणि एरवी निरुपद्रवी असलेला नायट्रोजन डोक्यात चढायला लागतो. कसा चढेल ते ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर. माझा बडी, म्हणजे डाइव्हमधला जोडीदार, त्याच पाण्यात उगाच घाबरला. मी मात्र भलत्याच खुशीत. टाकीत हवा किती उरली ते दाखवणाऱ्या गेजवर 90 बार वाचलं, पुन्हा वाचलं, पण या आकड्याचं करायचं काय असतं तेच सुचेना. काळजी? छे. पाच-सहा मीटर वर आलो आणि डोकं लख्ख.

एवढं चालवून घेतलं असतं. खटकलं ते पुढचं. इन्स्ट्रक्टरनं खाली स्लेटवर (पाण्यात लिहायच्या पाटीवर) 13 गुणिले 7 दिलं होतं. झटक्यात सोडवलं, असं मी बोटीवर छातीठोक सांगितलं. स्लेटवर 81, आणि त्याला दोनदा गोल! रात्री लॉगबुक (डाइव्हची नोंदवही) उघडलं तर त्या डाइव्हमधला एक पांढरा शिंपला तेवढा आठवला. अंदमानात स्वराज द्वीपपर्यंत जाऊन एक शिंपला? सावजी खाऊन चव न आठवण्यातली गत झाली, बाप्पा.

सवय होते म्हणतात. होते, पण ती वाटण्याची; चुका फारशा कमी होत नाहीत.

नायट्रॉक्सची कटकट वेगळी. प्रत्येक टाकी स्वतः अ‍ॅनालायझरनं तपासा, सही करा, वर जास्तीचे पैसे. आणि नायट्रॉक्सनं नशा कमी होते यावर विसंबू नका. ऑक्सिजनही तसाच चढत असावा असं मानतात. पण 32 टक्के ऑक्सिजनच्या टाकीवर साधारण 33 मीटरच्या खाली जाताच येत नाही, आणि 20-22 मीटरवर वेळ भरपूर मिळतो. थिअरी तर धरमपेठेत घरी बसून होते. त्या 20-22 मीटरवरच्या एका कासवावर मी लॉगबुकात पाऊण पान लिहिलंय.

खोलवर बुडालेली जहाजंच बघायची असतील तर डीपला पर्याय नाही, माझं ऐकू नका. फक्त आदल्या रात्री पिऊ नका, झोप पुरी करा, आणि वर आल्यावर वेटसूट काढायच्या आधी जे आठवतंय ते लिहून घ्या.