पुण्यात बोअर घेताना ‘ग्रॅनाइट लागला’ म्हणून जादा पैसे मागितले, तर हे वाचा

वाघोलीकडच्या आमच्या सोसायटीचा उन्हाळा टँकरवर निघतो. म्हणून कमिटीनं बोअर घ्यायचं ठरवलं. एजंटनं साडेसहा इंची बोअरचा दर ३०० फुटांपर्यंत ११० रुपये फूट आणि त्याखाली थोडा चढता, असा सांगितला. केसिंग, म्हणजे बोअरची भिंत ढासळू नये म्हणून घालायचा पाइप, वेगळं. गाडी रात्री आली आणि काम सुरू झालं.

१९० फुटांच्या आसपास मशीन थांबलं. एजंट म्हणाला, “साहेब, ग्रॅनाइट लागलाय. बिट जळतंय. इथून पुढं फुटाला शंभर रुपये जादा, नाहीतर गाडी काढतो.” बिट म्हणजे खडक फोडणारं टोक. पुरावा म्हणून त्यानं गुलाबी छटेचा, सुपारीएवढा दगड हातावर ठेवला.

अशा वेळी माणूस अडतो ते अर्धवट बोअरमुळे. दुसऱ्याच्या बोअरमध्ये हॅमर, म्हणजे बिट आपटणारं यंत्र, उतरवायला सहसा कुणी तयार होत नाही, कारण आत काही पडलेलं असलं तर हॅमर अडकतो आणि नुकसान नव्या गाडीवाल्याचं होतं. एजंटला हे पक्कं ठाऊक असतं. ४२० फुटांवर काम थांबलं तेव्हा या एका शब्दापायी आमचे २३ हजार रुपये जादा गेले होते.

आमच्या सोसायटीत आयुष्यभर भूशास्त्र शिकवलेले एक काका राहतात. सकाळी त्यांनी बोअरशेजारचा ढीग चाळला. सगळा भुगा काळसर राखाडी होता. ग्रॅनाइट फुटला असता तर त्यात काचेसारखे क्वार्ट्झचे कण, गुलाबी-पांढरे फेल्डस्पार आणि अभ्रकाची चमक दिसली असती. मग त्यांनी तो गुलाबी दगड हातात घेतला आणि म्हणाले, “हा बोअरमधून आलाच नाही.” हॅमर हवेच्या दाबानं बिट आपटत राहतो, बिटावरची टंगस्टन कार्बाइडची बटणं खडक चिरडतात आणि तीच हवा चुरा वर फेकते. वर येतो तो भुगा आणि फार तर नखाएवढ्या कपच्या. सुपारीएवढा दगड त्या वाटेनं येत नाही.

मुळात पुण्याखाली बोअरच्या खोलीत ग्रॅनाइट नाहीच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक साचून हा प्रदेश बनला आहे. पाताळेश्वर लेणं ज्यात कोरलं आहे तो हाच बेसाल्ट, आपला काळा पाषाण. ग्रॅनाइटसारखे जुने खडक त्याच्या खाली आहेत, पण किती खाली? १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला छिद्र घेतलं तेव्हा बेसाल्ट संपायला ३३८ मीटर, म्हणजे अकराशे फुटांच्या वर जावं लागलं. कोयना परिसरातल्या एका छिद्रात तो बाराशे मीटरहून जास्त जाड निघाला. पुणे किल्लारीच्या पुष्कळ पश्चिमेला आहे आणि पश्चिमेकडे हे थर जाड होत जातात. आमचं बोअर ४२० फुटांचं!

काळा पाषाणही कठीणच असतो, मशीन तिथं संथ चालतं, हे खरं आहे. पण पुण्यात बोअर म्हणजे तोच खडक फोडणं, आणि दर त्याचाच ठरलेला असतो. मध्ये मांजऱ्या, म्हणजे बारीक भोकांचा मऊसर खडक, लागतो, कधी दोन थरांमध्ये तांबडी गेरूसारखी माती लागते. पांढरे किंवा फिकट गुलाबी कण दिसले तर ते बहुधा झिओलाइट या खनिजाचे असतात, आमच्या भागातल्या खाणींत ते भरपूर सापडतात. रंग दिसला म्हणून ग्रॅनाइट झाला नाही.

गाडीवरच्या मुलांबद्दल माझी तक्रार नाही. अशा पुष्कळ गाड्या तमिळनाडूतून येतात, आणि तिकडे ग्रॅनाइट खरोखरच फोडावा लागतो. रात्रभर धूळ खाऊन ती राबली. जादा पैसे मागितले आणि घेतले ते मधल्या एजंटनं. त्याचा मला मनापासून राग आहे, कारण पाण्यासाठी मेटाकुटीला आलेली माणसं पाहूनच तो हा डाव टाकतो.

बोअर घेणार असाल तर कागदावर लिहून घ्या: मुरूम, मांजऱ्या, पाषाण, काहीही लागलं तरी दर एकच, आणि वाढला तर फक्त खोलीप्रमाणे. खोली उतरलेल्या रॉडवरून मोजतात, म्हणून रॉडची लांबी आधी मोजा आणि उतरणारा प्रत्येक रॉड आपल्या माणसानं लिहून ठेवावा. दर रॉडला मूठभर भुगा पिशवीत भरून वर फूट लिहा. मोठी रक्कम आगाऊ देऊ नका.

एजंटनं पैसे परत करायला नकार दिला आहे. बिलावर त्यानं ‘ग्रॅनाइट चार्ज’ असं स्वतःच्या हातानं लिहिलंय. ते बिल, तो दगड आणि भुग्याच्या पिशव्या घेऊन आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहोत. पुण्यात कुणाकडे असं बिल असेल तर ते जपून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.