पस मॉथ विमानाचं लाकडी किट: मॉडेल झकास, पण सोबतचं पत्रक चुकीचं

आम्ही धुळ्याला राहतो, गोंदूरचं विमानतळ जवळच आहे त्यामुळे सकाळी गच्चीवर चहा घेऊन बसलं की डोक्यावरून ट्रेनिंगची विमानं घिरट्या घालत असतात. बॉम्बे फ्लाइंग क्लबची. मुलगा सहावीत आहे, त्याला एकदा बोलता बोलता सांगितलं की जेआरडी टाटा याच क्लबात विमान चालवायला शिकले, तेव्हा क्लब जुहूला होता, आणि १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना मिळालेलं लायसन्स म्हणजे भारतात दिलेलं पहिलं, नंबर १. झालं, तेव्हापासून एकच धोशा, पप्पा आपण त्यांचं विमान बनवू.

म्हणून हे पस मॉथचं, म्हणजे १९३२ ला जेआरडींनी टपाल आणलं त्या विमानाचं, किट ऑनलाइन मागवलं, १८५० रुपयाला पडलं. १:२४ स्केल आहे, म्हणजे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ४७ सेंमीच्या आसपास. लेझर कट तुकडे एकदम स्वच्छ निघतात, कडा जळकट काळ्या असतात तेवढं पॉलिश पेपरने घासावं लागतं. आम्हाला चार रविवार लागले. सोबत दिलेला गोंद अगदीच बेकार, आपल्याकडच्या मे महिन्यात तो ट्यूबमध्येच वाळून बसला होता, शेवटी फेव्हिकॉल आणला.

पण जुळवताना जी मजा आली ना, तिला तोड नाही. इंजिन उलटं बसवायचं, सिलेंडर खाली आणि क्रँकशाफ्ट वर, मुलगा म्हणाला पप्पा तुम्ही चुकलात, मी पण दोनदा नकाशा बघितला, मग लक्षात आलं की खऱ्या विमानातही तसंच होतं, त्याने पायलटला समोरचं नीट दिसायचं. आणि चाकांच्या दांड्यांवर ज्या पट्ट्या आहेत त्या किटमध्ये सुद्धा फिरतात! खऱ्या पस मॉथमध्ये उतरताना त्या आडव्या फिरवायच्या, हवा अडते, वेग कमी होतो. एवढी बारीक गोष्ट ज्याने किटमध्ये घातली त्याला मानलं.

आता तक्रार. सोबतच्या पत्रकात चित्र दोन मजली पंखांच्या विमानाचं आहे, तो जिप्सी मॉथ, पस मॉथला पंखांची एकच जोडी असते आणि ती केबिनच्या वर. शिवाय लिहिलंय की जेआरडींची १९३२ ची ती टपाल फेरी दिल्लीहून निघाली. अहो, कराचीहून! १५ ऑक्टोबर १९३२, लंडनहून इम्पीरियल एअरवेजने आलेलं टपाल घेऊन २८ वर्षांचे जेआरडी सकाळी साडेसहाच्या सुमारास एकटे कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून निघाले, रेडिओ नाही, वाट दाखवणारं काही नाही, अहमदाबादला उतरले तर पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आलेले, आणि दुपारी पावणेदोनच्या पुढे जुहूला. तिथून पुढे त्यांचे सहकारी पायलट नेव्हिल व्हिन्सेंट ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. हे चार ओळीत बसतं की, मग चुकीचं का छापायचं? विकणाऱ्याला फोटो काढून मेसेज केला, पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. लहान पोरं तेच वाचून पाठ करतात म्हणून जास्त चीड येते.

आमच्या आईने तयार विमान हातात घेतलं, फिरवून फिरवून बघितलं आणि म्हणाली, "इतलंसं इमान, आन कराचीथाईन उनं?" (एवढंसं विमान, आणि कराचीहून आलं?) मग तिला सांगितलं की याच जेआरडींनी १९८२ मध्ये वयाच्या ७८ व्या वर्षी लेपर्ड मॉथ या छोट्या विमानातून तीच कराची-मुंबई फेरी पुन्हा मारली, तर ती बराच वेळ काही बोललीच नाही, तिचं स्वतःचं वय ७६ आहे.

घ्यावं का? घ्याच, पोरगं आठ-दहा वर्षांच्या वर असेल तर नक्की. खिडक्यांच्या प्लास्टिकवरचं कव्हर मात्र अगदी शेवटी काढा, आमच्या एका खिडकीवर ओरखडा पडलाय. जेआरडींच्या विमानाच्या व्हीटी-एडीएन या नंबरचे स्टिकर पंख रंगवून दोन दिवस वाळल्यावरच लावा. आणि ते पत्रक काढून टाका, आमच्या मुलाने वहीच्या पानावर स्वतः सगळं लिहून स्टँडखाली चिकटवलंय, कराची, अहमदाबाद, जुहू, खाली बैलगाडीचं चित्र.