बायोडिझेलच्या नावाखाली भज्यांचं गाळलेलं तेल विकतायत, सावध राहा

जुनी डिझेल गाडी वापरणाऱ्यांसाठी लिहितोय, खास करून सिन्नर-निफाड पट्ट्यातल्या, कारण मला हे तेल विकणारा माणूस इकडेच फिरायचा आणि अजूनही फिरत असणार. माझी जुनी सुमो भाजीच्या धंद्याला, डिझेल ९० च्या वर गेलेलं, आणि हा ३५ लिटरचा कॅन घरपोच देणार ६८ रुपये लिटरनं. म्हणे दादा हे साधं तेल नाही, हॉटेलांचं तेल गोळा करून प्रोसेस केलेलं बायोडिझेल आहे, सरकारचीच योजना आहे. आता योजना खरी आहे हो, रुको म्हणतात, एफएसएसएआयची म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, २०१८ सालची, तळून तळून खराब झालेलं तेल परत कढईत जाऊ नये, त्याचं बायोडिझेल व्हावं म्हणून. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवलं होतं हेही त्यानं ऐकवलं, तेही खरं. खोटं फक्त एकच, 'प्रोसेस केलेलं'.

प्रोसेस म्हणजे तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून ग्लिसरीन वेगळं पाडायचं, मग वरचं धुऊन त्यातलं पाणी काढायचं. यानं पामतेल फडक्यातून गाळलं आणि पातळ दिसावं म्हणून रॉकेल का थिनर कायतरी ओतलं, बास. नुसतं तेल डिझेलच्या दहापट घट्ट असतं. पॅरिसचं ते इंजिन एका जागी बसवलेलं धूड, त्यात इंधन दाबाच्या हवेनं फुंकायचे, आपल्या गाडीत डिझेल फवारणाऱ्या नोजलची भोकं केवढी ते फिटरला विचारा.

आणि गाडी चालते ना, हीच तर गोम आहे. उन्हाळाभर मस्त चालली, मागून भज्यांचा वास, मार्केटमध्ये सगळे हसायचे. डिसेंबरात निफाडच्या थंडीत पहाटे सेल्फ मारतोय मारतोय, गाडी ढिम्म. फिल्टर खोलला तर आत डालड्यासारखं थिजलेलं. नवा टाकून सुरू झाली पण पिकअप गेला तो गेलाच, नुसता काळा धूर. नोजल काढले तर टोकाला कोळसा, नखानं सुद्धा निघेना, पिस्टनच्या रिंगा जॅम, आणि इंजिन ऑइल एवढं घट्ट झालेलं की चेंबरचा नट काढूनही धड धार पडेना. हेड उतरवलं, पंप कॅलिब्रेशनला दिला, सगळं धरून ४२ हजार.

फोन केला तर म्हणतो गाडीच जुनी तुमची. पावती नीट बघितली तर शिक्का 'वापरलेले तेल, इंधनासाठी नाही'! तो शिक्का बघून पोलिसांनीही साधा अर्ज घेतला, पुढे काही नाही.

घ्यायचंच असेल तर आधी तपासा. केमिकलच्या दुकानातून मिथेनॉल आणा (विषारी असतं, तोंडाजवळ नको, विस्तवाजवळ तर अजिबात नको), काचेच्या बाटलीत नऊ भाग मिथेनॉल, एक भाग हे इंधन, हलवून अर्धा तास ठेवा. खरं बायोडिझेल पूर्ण विरघळतं, प्रोसेस न केलेलं तेल तळाला बसतं. नमुन्याची बाटली तो देईल ती नको, नमुना तो चांगलाच आणतो, भरलेल्या कॅनच्या तळातून काढा.

आणि ज्यांच्या टाकीत हे आत्ता आहे त्यांनी थंडीत उगाच सेल्फ मारत बसू नका, बॅटरी जाईल. टाकी रिकामी करा, फिल्टर बदला, पंपावरचं डिझेल भरून एअर काढा आणि इंजिन ऑइल लगेच बदलून घ्या.