मोरोक्को, केनिया की दक्षिण आफ्रिका? क्रीडा आराखड्यासाठी नमुना कोणाचा घ्यावा

वीस वर्षांचा क्रीडा आराखडा लिहायला समिती बसली की पहिल्याच बैठकीत कोणीतरी पदकतालिका काढतं, आणि तिथूनच गाडी रुळावरून घसरते. पॅरिस २०२४ चंच बघा. केनिया ११ पदकं, दक्षिण आफ्रिका ६, मोरोक्को २. म्हणजे केनियाचा आराखडा सर्वांत चांगला? केनियाची अकराच्या अकरा पदकं अ‍ॅथलेटिक्समधली आहेत, आणि त्यांतला सरकारी आराखड्याचा वाटा शोधायला भिंग लागेल. मोरोक्कोच्या दोनांपैकी एक सुफियान अल बक्कालीचं स्टीपलचेसमधलं (अडथळे आणि पाणी ओलांडत धावायच्या शर्यतीतलं) सुवर्ण आणि दुसरं फुटबॉलचं कांस्य. ते त्यांनी इजिप्तला ६-० असं धुऊन मिळवलं, आणि त्यामागे जवळपास दीड दशकाचं ठरवून केलेलं काम होतं.

मग तुलना करायची कशावर? माझ्या मते एकाच प्रश्नावर. गुणी पोरगं हाताला लागलं, तर सोळा ते बावीस या वयात त्याला सांभाळतं कोण? जेवण, शिक्षण, दुखापतीचा खर्च, घरी पाठवायला चार पैसे. बहुतेक पोरं गळतात ती याच वयात. तिन्ही देशांची उत्तरं एकमेकांपासून फार लांब आहेत.

मोरोक्को: एक खेळ, एक तिजोरी

२००८ मध्ये स्खिरातला राष्ट्रीय क्रीडा परिषद भरली. राजे सहावे मोहम्मद यांनी पत्र पाठवून देशातल्या खेळाच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. रणनीती सगळ्या खेळांसाठी आखली गेली, पण फळाला आली ती फुटबॉलमध्ये. रबातशेजारच्या साले इथं २०१० मध्ये राजाच्या नावानं निवासी अकादमी सुरू झाली. पोरं तिथंच राहतात, शिकतात, खेळतात. अकादमीला वरून धक्का लागत नाही, हे तिचं खरं बळ. फुटबॉल महासंघात २०१४ पासून फौझी लेकजा हे एकच अध्यक्ष आहेत. लोकशाहीच्या दृष्टीनं हे कितपत बरं, हा वेगळा वाद. सातत्य मात्र त्यातून आलं.

कतारच्या विश्वचषकात पोर्तुगालला घरी पाठवणारा हेडर मारला युसेफ एन-नेसिरीनं. तो याच अकादमीचा, अझेद्दिन उनाही आणि नायेफ अगेर्दही तिथलेच. २०२५ मध्ये वीस वर्षांखालच्या संघानं अर्जेंटिनाला हरवून जगज्जेतेपद मिळवलं.

इथवर वाचून सही करायला निघाला असाल तर दोन गोष्टी ऐका. कतारला गेलेल्या २६ जणांच्या संघात १४ जण मोरोक्कोबाहेर जन्मलेले होते. युरोपातल्या स्थलांतरितांच्या पोरांना आजोळच्या जर्सीकडे वळवणं हा त्या यशाचा अर्धा भाग आहे, आणि असा समाज युरोपात नसलेल्या देशाला तो उचलता येणार नाही. दुसरी गोष्ट पैशाची. २०३० च्या विश्वचषकासाठी बेनस्लिमानला १,१५,००० प्रेक्षकांचं स्टेडियम उभं राहतंय. २०२५ मध्ये अगादिरच्या सरकारी रुग्णालयात बाळंतिणी दगावल्यावर तरुण रस्त्यावर उतरले आणि विचारू लागले: स्टेडियम दिसतायत, दवाखाने कुठे आहेत? तुमच्या आराखड्यात या प्रश्नाचं उत्तर नसेल तर तो आराखडा निवडणुकीपुरताच.

दक्षिण आफ्रिका: कागद उत्तम

कागदाच्या बाबतीत दक्षिण आफ्रिकेचा हात कोणी धरणार नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये मिडरँडला सगळे घटक एकत्र बसले आणि त्यातून राष्ट्रीय क्रीडा व करमणूक आराखडा आला. त्याचे खांब तीन: सक्रिय राष्ट्र, विजयी राष्ट्र आणि दोन्हींना पोषक व्यवस्था. वर्णभेदानंतरच्या देशात संघ सर्वांचा दिसला पाहिजे, म्हणून संघांत कृष्णवर्णीय खेळाडू किती, याचं दरवर्षी महासंघवार मोजमाप होतं. ते नुसतं दाखवायला नाही. २०१६ मध्ये क्रीडामंत्री फिकिले म्बालुला यांनी रग्बी, क्रिकेट, नेटबॉल आणि अ‍ॅथलेटिक्सच्या महासंघांना उद्दिष्टं चुकल्याबद्दल आंतरराष्ट्रीय स्पर्धांचं यजमानपद मागायला बंदी घातली. ती वर्षभरानं उठली.

पण आपल्या प्रश्नावर ही व्यवस्था लंगडी पडते. रग्बीत पोर सांभाळतात त्या बड्या, महागड्या शाळा. सिया कोलिसी झ्विडेच्या वस्तीतला. बाराव्या वर्षी ग्रे शाळेची शिष्यवृत्ती मिळाली आणि पुढे तो दोन विश्वचषक जिंकणारा कर्णधार झाला. त्याच संघातला माकाझोले मापिंपी ईस्टर्न केपच्या खेड्यातला. अशा शाळेचं दार त्याला उघडलं नाही आणि राष्ट्रीय जर्सी अंगावर यायला सत्ताविसावं वर्ष उजाडलं. २०१९ च्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेचा विश्वचषक फायनलमधला पहिलावहिला ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळणारे गुण) केला तो त्यानंच. असे किती मापिंपी सत्ताविसाच्या आधीच खेळ सोडून कामाला लागले असतील, हे मोजायला कुठलाही तक्ता नाही.

हॉकीचा किस्सा तर आराखडे लिहिणाऱ्या प्रत्येकानं वहीत टिपून ठेवावा. आफ्रिका खंडाची स्पर्धा जिंकून दोन्ही हॉकी संघ रिओ २०१६ साठी पात्र ठरले होते. देशाच्या ऑलिम्पिक समितीनं म्हटलं, खंडाची पात्रता आम्हाला पुरेशी वाटत नाही. संघ घरीच राहिले.

केनिया: आराखड्यावाचून

इटेन हे २,४०० मीटर उंचीवरचं लहानसं गाव. १९७६ मध्ये आयर्लंडहून ब्रदर कोल्म ओ'कॉनेल तिथल्या सेंट पॅट्रिक्स शाळेत शिकवायला आले. धावण्याचं प्रशिक्षण त्यांनी कुठं घेतलेलं नव्हतं. पुढे ८०० मीटरचा ऑलिम्पिक विजेता डेव्हिड रुडिशा त्यांच्याच हाताखाली घडला. शाळांच्या स्पर्धांत चमकलेल्या पोराला मग पोलीस, तुरुंग खातं किंवा लष्कर नोकरीत घेतं; आपल्याकडे रेल्वे आणि पोलीस घेतात तसंच. पगार सुरू, सराव सुरू. वरचे धावपटू परदेशी शर्यतींत कमावतात, मुंबई मॅरेथॉनच्या पुढच्या घोळक्यात ते आपल्यालाही दिसतात.

सरकारनं हात घातला तिथं मात्र आनंदच. २०१३ चा क्रीडा कायदा आहे, सट्टेबाजीच्या करातून भरणारा निधीही आहे. पण इटेनचं कामारिनी मैदान, जिथं पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या ट्रॅकवर धावल्या, ते नूतनीकरणासाठी म्हणून उखडलं आणि वर्षानुवर्षं तसंच पडून राहिलं. जगज्जेते सरावाला दुसरीकडे जाऊ लागले. रिओला जाणाऱ्या खेळाडूंचे किट आणि पैसे गायब झाल्याच्या प्रकरणात माजी क्रीडामंत्र्यांना न्यायालयानं दोषी ठरवलं. शिवाय डोपिंग. मॅरेथॉनची विश्वविक्रमवीर रूथ चेपन्गेटिच हिच्यावर २०२५ मध्ये तीन वर्षांची बंदी आली. एका शर्यतीच्या बक्षिसात घर उभं राहत असेल आणि गावात चाचणी करणारं कोणी फिरकत नसेल, तर हे व्हायचंच.

मग घ्यायचं काय?

तिजोरी भरलेली असेल, खेळ एकच निवडायची हिंमत असेल आणि पंधरा वर्षं माणसं न बदलण्याची खात्री असेल तर मोरोक्को. यांतलं एक जरी नसेल तरी स्टेडियमचे नकाशे गुंडाळून ठेवा. समाज आतून दुभंगलेला असेल तर दक्षिण आफ्रिकेचं मोजमाप घ्या, पण शिष्यवृत्ती खासगी शाळांच्या मर्जीवर सोडू नका. हातात फार पैसा नसलेल्या देशाला मी केनियाचीच वाट सांगेन: शालेय स्पर्धा आणि त्यांच्या टोकाला सरकारी नोकरी, बस. यात नवी इमारत लागत नाही. आहेत त्या खात्यांत खेळाडूंसाठी जागा राखाव्या लागतात आणि त्या साहेबांच्या भाच्यांना जाणार नाहीत एवढं बघावं लागतं. हे दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड.

ही वाट धरलीत तर डोपिंगविरोधी यंत्रणेचा खर्च पहिल्याच वर्षाच्या अंदाजपत्रकात घाला. केनियानं २०१६ मध्ये कायदा केला तो रिओ तोंडावर आल्यावर, बाहेरून दट्ट्या बसल्यानंतर. आणि ऑलिम्पिकला कोणाला पाठवायचं याचे निकष चार वर्षं आधी छापून जाहीर करा, म्हणजे हॉकीवाल्यांसारखं जिंकून घरी बसायची पाळी कोणावर येणार नाही.